थायरॉइड सर्वाइले असते

आमच्या मॅडमसमोर "मला थायरॉइड आहे" असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि अगदी शांतपणे विचारायच्या, "मग? मले बी आहे. या पोरीले आहे. त्या वॉचमनले आहे. थायरॉइड सर्वाइले असते, बाई. नसतं तर तू इथंपर्यंत चालत आली असती का?" समोरची बाई गोंधळून नवऱ्याकडे पाहायची, नवरा हातातल्या कागदांच्या पिशवीकडे पाहायचा, आणि मागे उभ्या असलेल्या आम्ही मुली हसू दाबता दाबता लाल व्हायचो.

'शुगर झाली' हे मात्र त्यांना चालायचं. लोकांनी स्वतः घडवलेला शब्द आहे, त्यात साखर कुठं वाढली ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. 'थायरॉइड झाला' यात काहीच कळत नाही. कमी झाला, जास्त झाला, सुजला की रुसला? "उद्या कोनी म्हनन, मले गुडघा झाला," त्या म्हणायच्या आणि स्वतःच खूश व्हायच्या.

वाशीमच्या आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये त्या शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायच्या. बुटक्या, ठणठणीत, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायांत पोरांचे खेळायचे बूट. स्कूटरवरून उतरल्यावर हेल्मेट काढायचं त्यांच्या लक्षात राहायचं नाही. एकदा पहिला अख्खा तास त्यांनी हेल्मेट घालूनच घेतला. सांगायची हिंमत कुणाचीच झाली नाही. तासाच्या शेवटी त्यांनी डोकं खाजवायला हात वर नेला, टक्क असा आवाज झाला, आणि त्या म्हणाल्या, "पस्तीस पोरी आहात अन् एकीलेही दिसलं नाही? पेशंटचं काय पाहान तुमी?"

आम्ही बहुतेक सगळ्या खेड्यांतून आलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या. मी कारंज्याकडची. दहावीच्या विज्ञानात आम्ही 'संप्रेरक', 'अवटू ग्रंथी', 'पियूषिका', 'अधिवृक्क' असं घोकलं होतं. इथं आल्यावर कळलं की आता तेच सगळं इंग्रजीतून घोकायचं. मी दोन्ही याद्या वहीत समोरासमोर लिहिल्या, वहीला कव्हर घातलं आणि मला सगळं आलं अशा थाटात पहिल्या बाकावर जाऊन बसले. मॅडमनी माझी वही उचलली, दोन पानं चाळली आणि विचारलं, "यातलं तुह्या मायले काय समजन?" मी म्हटलं, माझी आई चौथी शिकलेली आहे. "मंग लाव फोन."

भर वर्गात स्पीकरवर आईला फोन लागला. मी घाम पुसत सांगायला लागले की पोटात पॅनक्रियाज नावाची एक ग्रंथी असते आणि तिच्यातून इन्सुलिन नावाचं संप्रेरक स्रवतं. आईनं हळूच विचारलं, "तुही तब्येत बरी आहे ना व माय? पोटात दुखते का? मी तुह्या बाबाले पाठवू का घ्याले?" वर्ग फुटला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फोन हातात घेतला आणि आईला सांगितलं, "पोरीची तब्येत बरी आहे. फक्त तिले येत काहीच नाही." त्या दिवशी मी त्यांचा मनापासून राग केला. पुढं वर्षभर अधूनमधून करत राहिले.

शिकवायला त्या फळा वापरत नसत. जुनी पांढरी चादर टेबलावर अंथरायच्या, तिच्यावर कोळशानं माणूस काढायच्या आणि डबा उघडायच्या. डब्यात बाजार भरलेला. डोक्याच्या जागी एक हरभऱ्याचा दाणा, ती पिट्युटरी. गळ्यापाशी वालाच्या दोन चपट्या शेंगा, तो थायरॉइड, आणि त्यांच्यामागे तुरीचे चार दाणे, त्या पॅराथायरॉइड. पुस्तकात थायरॉइडला फुलपाखराची उपमा आहे. ती त्यांना मुळीच मान्य नव्हती. "गळ्यावर फुलपाखरू बसलेलं कोनी पाह्यलं आहे? शेंग सर्वाइनं पाह्यली आहे." पोटात कोवळा दोडका, तो पॅनक्रियाज. मूत्रपिंडांच्या जागी दोन वांगी, आणि वांग्यांच्या डोक्यावर कागदाच्या टोप्या, त्या अॅड्रिनल. तास संपला की टोप्या सोडून बाकी सगळं हॉस्टेलच्या मेसमध्ये जायचं. आमच्या बॅचनं अख्खी एंडोक्राइन सिस्टीम रश्श्यासोबत खाल्लेली आहे, आणि म्हणूनच ती आजवर कुणी विसरलं नाही.

लग्नाकार्यात त्यांना सोबत न्यायला बायका बिचकायच्या, कारण त्या तोंडाकडे न पाहता गळ्याकडे पाहायच्या. गळ्याला कुठं सूज आहे का, पाणी पिताना गाठ वरखाली होते का, ते न्याहाळत राहायच्या. बायकांना वाटायचं की पोत पाहताहेत. कुणी पदर ओढून घ्यायची, कुणी उलट पदर सारून सोन्याचे मणी नीट दिसतील असे करायची. एका जेवणावळीत शेजारच्या बाईनं कौतुकानं सांगितलं, "दोन तोळ्याची आहे, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "दोन तोळ्याची नाही, चांगली लिंबाएवढी आहे. उद्या दवाखान्यात या." ती बाई आली. गाठ साधी निघाली, औषधावर भागलं. पण त्यानंतर त्या घरातून मॅडमना लग्नाची पत्रिका कधी आली नाही.

आता त्या निवृत्त झाल्या आहेत. वाशीमबाहेर त्यांचं शेत आहे, तिथं सोयाबीन आणि तूर घेतात. मी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. अजूनही गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. कशी आहेस वगैरे काही नाही. "आज कोनाले काय समजावलं?" एवढंच. काही समजावलं नसेल तर त्या फोन ठेवून देतात.

गुरुवारच का, ते सांगते. आमची तोंडी परीक्षा गुरुवारी असायची, आणि ती वर्गात नव्हे, सरकारी दवाखान्याच्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर. मॅडमच्या पर्समध्ये एका डबीत चिठ्ठ्या आणि एका पुडीत घरच्या तुरीचे दाणे. मुलीनं एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावर एकच शब्द असायचा. बाकड्यावर नंबर लावून बसलेल्यांपैकी ज्या माणसाकडे मॅडम बोट दाखवतील त्याला पाच मिनिटांत तो शब्द समजावून सांगायचा. त्याच्या मुठीत आधीच तुरीचे दहा दाणे दिलेले असायचे. समजलं तितके दाणे त्यानं मुलीच्या हातात ठेवायचे. लिहितावाचता न येणाऱ्यालाही असे गुण देता येत, आणि मॅडम तेच रजिस्टरमध्ये चढवत. त्यांचा स्वतःचा एकच नियम होता. मुलगी बोलत असताना आपण तोंड उघडायचं नाही.

प्राचार्यांना हे पसंत नव्हतं. "मॅडम, पेपर इंग्रजीत येतो," ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "येऊ द्या ना. पण पेपर आजारी पडत नाही, सर."

माणसंही खुशीत गुण द्यायची. एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्या मैत्रिणीला दहाच्या दहा दिले. मॅडमनी विचारलं, काय समजलं? तर म्हणाले, "समजलं काहीच नाही, पन पोरगी लय गोड बोलते." त्या दहांवर मॅडमनी काट मारली. मैत्रीण दोन दिवस जेवली नाही.

माझ्या वाट्याला ती चिठ्ठी आली तेव्हा एप्रिल होता. वाशीमचा एप्रिल म्हणजे भिंतीला पाठ टेकवायची सोय नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'टीएसएच'. मॅडमनी बोट दाखवलं ते एका उंच, काटक आजीकडे. तिच्या शेजारी तिची सून होती, बाविशीच्या आतबाहेरची, आणि तिनं स्वेटर घातला होता. भिंतीला डोकं लावून ती चक्क झोपली होती. दोघींच्या मध्ये कपड्यांनी फुगलेली एक पिशवी.

मी सुरुवात केली, "आजी, टीएसएच म्हणजे थायरॉइडचं..."

"थायरॉइड?" आजीनं मला तिथंच अडवलं. "थे तर या पोट्टीले झालं."

मागे मॅडमनी जोरात श्वास घेतलेला मला ऐकू आला. पण नियम म्हणजे नियम. आजीनं आपल्या पिशवीतून कागद काढला आणि सगळी हकीकत सांगितली. सून सारखी थकते म्हणून चार महिन्यांपूर्वी तिला दाखवलं होतं. रक्त तपासलं, डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. पंधरा दिवस गोळी चालली. मग आजीच्या भाच्यानं कागद पाहिला. भाच्याचं गावात खताबियाण्याचं दुकान, त्याला इंग्रजी वाचता येतं. तो म्हणाला, मामी, कागदावर थायरॉइड वाढलेलं लिहिलं आहे, आणि ही गोळीही थायरॉइडचीच आहे.

"मंग मीच बंद केली गोळी," आजी म्हणाली. "वावरात पानी जास्त झालं त आपन आनखी पानी सोडतो का? पन फरक काहीच नाही. दिवसा झोपते. चुलीवर दूध उतू जाते, इले पत्ता नाही. केस गळून राह्यले, अंग सुजून राह्यलं. दोन वर्सं झाले लग्नाले. कामाची चोर आहे, दुसरं काई नाही. आता डॉक्टरले माहे गुडघे दाखवतो अन् दोनच्या गाडीनं इले कारंज्याले तिच्या मायजवळ नेऊन सोडतो. मी आनाले जानार नाही, अन् पोरालेही जाऊ देनार नाही."

सून जागी झाली होती. तिनं सगळं ऐकलं. पिशवीची नाडी सुटली होती, ती बांधत बसली. मला एकदम कळलं की त्या पिशवीत तिचे सगळे कपडे आहेत.

मी घाईघाईनं म्हटलं, "आजी, टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड कमी झालं. गोळी बंद करायची नव्हती."

"कागदावर वाढलं लिहिलं अन् तू म्हनते कमी झालं," आजी म्हणाली. "काहून? कागद खोटा का तू खोटी?"

मला ते 'काहून', ते 'का', माहीत नव्हतं. टीएसएच जास्त, थायरॉइड कमी, हे मी पाढ्यासारखं पाठ केलं होतं. मी मान वळवून मॅडमकडे पाहिलं. त्या कुठंतरी वर, पंख्याकडे पाहत उभ्या होत्या. एका मुलीचा संसार मोडायला निघाला आहे आणि या बाईला आपला नियम मोडवत नाही, या विचारानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते.

तेवढ्यात आजी सुनेवर खेकसली, "अवं, पिशवी इकडं घे, लोकाइच्या पायात येऊन राह्यली." सून हळूहळू वाकली. आजी आणखी मोठ्यानं ओरडली. सून तितकीच हळू.

"आजी," मी म्हटलं, "ही नवी नवरी होती तेव्हा तुमी इच्यावर अशाच ओरडत होत्या का?"

"तवा कायले ओरडू? तवा पहाटी उठून झाडझूड करे, पानी भरे. एक आवाज देल्ला का हजर."

"अन् आता?"

"आता दहा आवाज द्या लागते."

"मंग आवाज वाढला म्हनजे काम वाढलं का?"

माझं वऱ्हाडी आपोआप सुटलं होतं. "आजी, डोक्यात नाकाच्या मागं हरभऱ्याएवढी एक सासू बसली आहे. थे गळ्यातल्या थायरॉइडले सारखी आवाज देते, काम कर, काम कर. थायरॉइड थकलं का तिले जोरानं ओरडा लागते. त्या ओरडन्याले टीएसएच म्हनतात. कागदावर जे वाढलं थे ओरडनं आहे. थायरॉइड वाढलं नाही, थे थकलं आहे."

'सासू' हा शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. अंगठ्याला पट्टी बांधलेले एक काका सरकून जवळ आले होते.

आजीनं विचारलं, "म्हनजे मी ओरडत गेली, म्हनून हे थकत गेली?"

"नाही, आजी. ओरडल्यानं कोनाचं थायरॉइड थकत नाही. तिचं थकलं, म्हनून तुमाले ओरडा लागलं. गोळी थायरॉइडच्या वाटचं काम करते. काम झालं का वरचीले ओरडाचं कारन राहत नाही."

आजीनं दाण्यांची मूठ मांडीवर ठेवली आणि दुसऱ्या हातानं सुनेचा हात धरला. मग पाठीवर हात फिरवला, मानेवर ठेवला. "एवढ्या उन्हात गार पडली आहेस व," ती म्हणाली. "मले काहून सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं, आत्याबाई," सून म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता. "तुमी म्हनल्या, थंडी वाजाचे दिवस आहेत का हे."

आजीनं माझ्या हातात सहा दाणे ठेवले आणि चार स्वतःच्या पदराला बांधले. "चार देत नाही," ती म्हणाली. "तू मले सासू म्हनली."

माझं बोलणं संपलं तशा मॅडम हलल्या. त्यांनी दोघींना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, सकाळी उपाशीपोटी घ्यायची असं बजावलं आणि दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. या सगळ्यात आजीचे गुडघे दाखवायचे राहूनच गेले. कारंज्याची गाडी निघून गेली होती. दोघी परत घरी जायला मंगरूळच्या गाडीत बसल्या, आणि ती फुगलेली पिशवी आजीनं स्वतः उचलून वर चढवली.

संध्याकाळी मी मॅडमना गाठलं. माझा राग गेला नव्हता. "तुम्ही का बोलला नाहीत? ती गेली असती तर?"

"मी बोलली असती तर त्या बाईले समजलं असतं," त्या म्हणाल्या. "तुले समजलं नसतं." दोन पावलं पुढं जाऊन त्या थांबल्या. "अन् दोनले दहा कमी झाले असते ना, तर मी नियम मोडला असता. तुले वाटलं मी पंखा पाहून राह्यली. पंख्याखालचं घड्याळ पाहून राह्यली होती मी." मी आयुष्यात कुणाला इतकं पटकन माफ केलेलं नाही. पण मग त्यांनी रजिस्टर उघडून माझ्या नावापुढे सहा लिहिले. सहाचे साडेसहा केले नाहीत.

पेरणीच्या गडबडीत महिनाभर उशिरानं दोघी पुन्हा आल्या तेव्हा सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं. गुरुवारच होता. आजी लांबूनच तक्रार करत आली. "मॅडम, हे पोरगी आता उलटून बोलते मले. काल म्हनते, आत्याबाई, भाजीत मीठ जास्त आहे. गोळी थोडी कमी करता येईन का पाहा."

"आत्याबाई, हळू बोला, दवाखाना आहे," सून म्हणाली.

"पाहा," आजी म्हणाली, आणि बाकड्यावर अशी ऐसपैस बसली की तिला या उलट बोलण्याचा भारी अभिमान वाटत असावा. सुनेच्या अंगात स्वेटर नव्हता. चेहरा उतरला होता, म्हणजे सूज उतरली होती, आणि मग कळलं की ती पोरगी दिसायला चांगली आहे. मलाच इतका आनंद झाला की मी उगाच तिच्या ओढणीचं कौतुक केलं.

आजीनं नवा रिपोर्ट मॅडमपुढे धरला. मॅडमनी तो घेतला आणि न पाहताच सुनेच्या हातात दिला. "तू वाच."

आजी म्हणाली, "तिले काय समजते त्याच्यातलं?"

सुनेनं कागद वाचला. टीएसएचचा आकडा वाचला, त्याच्यापुढे किती ते किती असावा ते वाचलं, इंग्रजीतून, कुठंही न अडखळता. मग मान वर करून म्हणाली, "बरोबर आहे. मधात आहे."

"तुले वाचता येते?" आजीनं विचारलं.

"बारावी झाली माही, आत्याबाई. सायन्स होतं."

"मंग तवा काहून नाही वाचला? भाच्याले कायले वाचू देल्ला?"

"माह्या हातात कोनी देल्लाच नाही," सून म्हणाली.

आजीनं पिशवी पुढं ओढली, आतले सगळे कागद बाहेर काढले, सुनेचे, स्वतःचे, एक्स-रेचं मोठं पाकीटसुद्धा, आणि सगळा गठ्ठा उचलून सुनेच्या मांडीवर ठेवला.

"हे बी वाच मंग," ती म्हणाली. "माह्या गुडघ्याले काय झालं, थे सांग."